चुकीच्या भिंतीवर चाचपडणारा हात

पत्र (जागेअभावी थोडं कापून):

"सर, आम्ही चौघं मिळून वर्षअखेरच्या प्रकल्पासाठी आठ मिनिटांची फिल्म न्वार, म्हणजे काळोखा गुन्हेपट, करतोय, ब्लॅक अँड व्हाइट. गोष्ट एका चावीवाल्याची आहे. रात्री एक बाई त्याला बोलावते, घराची किल्ली हरवली म्हणते. तो कुलूप उघडून देतो, पैसे घेतो, निघून जातो. दुसऱ्या दिवशी त्या घरात एक माणूस मेलेला सापडतो आणि कुलपावर ठसे याचे. आमचा पहिला प्रसंग असा आहे : पाऊस, ओला रस्ता, लांब कोट आणि टोपी घातलेला डिटेक्टिव्ह सिगारेट पेटवतो, मागे सॅक्सोफोन, आणि त्याच्या आवाजात निवेदन, 'या शहरात रात्र कधी संपत नाही.' हा प्रसंग दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा झालाय. आमच्या मार्गदर्शकांनी वाचून एवढंच म्हटलं, 'कपडे छान आहेत, आत माणूस कुठे आहे?' आमच्याकडे एक कॅमेरा, दोन एलईडी पॅनल आणि शूटिंगला एक रात्र आहे. पाऊस कसा पाडायचा? निवेदन ठेवायचं का? आणि मुख्य म्हणजे सुरुवात कशी करायची?
काळोखात अडकलेली"

प्रिय काळोखात अडकलेली,

पावसाचं नंतर बोलू. आधी तुझ्याच पत्रातलं एक वाक्य तुला परत वाचून दाखवतो : 'गोष्ट एका चावीवाल्याची आहे.' मग पहिली दोन मिनिटं चाळीस सेकंद हा चावीवाला आहे कुठे? आठ मिनिटांतला तिसरा हिस्सा तू अशा माणसाला देऊन टाकलास, ज्याचं या गोष्टीत काहीच अडलेलं नाही. त्याला रात्र संपत नाही असं वाटतं, वाटू दे बापड्याला. त्याने काही केलेलं नाही आणि तो काही करणारही नाही. तुमचे मार्गदर्शक बोलले ते थोडं लागलं असेल, पण बरोबर बोलले.

न्वार म्हटलं की डोळ्यांसमोर टोपी येते, त्यात तुझा दोष नाही. गंमत अशी की ज्यांनी ते चित्रपट केले त्यांना हे नावच ठाऊक नव्हतं. महायुद्धाच्या काळात अमेरिकी चित्रपट फ्रान्समध्ये पोचत नव्हते. ते १९४६ च्या उन्हाळ्यात एकदम पॅरिसच्या पडद्यांवर आले आणि नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यातल्या काहींना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, म्हटलं. हॉलिवूडमध्ये तेव्हा त्यांना सरळ 'क्राइम मेलोड्रामा' म्हणायचे. आणि त्यातले नायक बघ. १९४४ च्या 'डबल इन्डेम्निटी'चा नायक विमा विकतो. १९५० च्या 'डी. ओ. ए.'चा नायक हिशेबनीस आहे. तो पहिल्याच प्रसंगात पोलीस ठाण्याच्या लांबलचक बोळातून चालत जातो आणि एका खुनाची खबर देतो. खून कुणाचा, तर त्याचा स्वतःचा. त्याला विष दिलेलं असतं. डिटेक्टिव्ह असलेले न्वार पुष्कळ आहेत, पण डिटेक्टिव्ह हवाच असं कुठे लिहिलेलं नाही. तुझा चावीवाला या रांगेत अगदी शोभतो : हाताला काम आहे, नाव कुणाला माहीत नाही, आणि दारं उघडणं हाच त्याचा धंदा.

आणखी एक गोष्ट लक्षात घे. हॉलिवूडची आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे लागू झाली होती. गुन्हा केला आणि पचला, असं पडद्यावर दाखवायची सोय नव्हती. म्हणजे शेवट जवळपास ठरलेलाच. त्यामुळे असेल, पण त्यातले बरेच चित्रपट 'पुढे काय होणार' यापेक्षा 'हा माणूस यात शिरला कसा' याच्यामागे लागतात. तुझ्या गोष्टीलाही तोच प्रश्न विचार. चावीवाला यात नेमका कोणत्या क्षणी शिरला?

तू म्हणशील, कुलूप उघडलं तेव्हा. मला नाही पटत. बाईने सांगितलं, याने उघडलं, यात त्याचं काय चुकलं? तो बिचारा फसला, एवढंच. फसलेल्या माणसाबद्दल दया येते, पण तो रात्री झोपेत आठवत नाही. त्याला काहीतरी कळलं होतं आणि तरीही तो गप्प बसला, असं असेल तर मात्र तो आठवतो. तेव्हा त्याला कळू दे. एका सेकंदात आणि एकही शब्द न बोलता.

मी सुचवतो, पटलं तर घे. दार उघडतं. आत मिट्ट काळोख. बाई आत पाऊल टाकते आणि दिव्याचं बटण शोधायला हात भिंतीवर ठेवते. बिजागरीच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे दार उघडलं की जी दाराच्या मागे जाते तिच्यावर. आता तुझ्या घरातली दारं आठव. बटण सहसा कडीच्या बाजूला असतं, आत शिरल्याबरोबर हाताला लागेल असं. ज्याने आयुष्यभर दारं उघडली त्याला हे सांगावं लागत नाही. आणि जी बाई या घरात राहते, तिचा हात तर झोपेतही बरोबर जागी गेला असता. तिचा हात मात्र कोऱ्या भिंतीवर चाचपडतोय. नखांचा बारीक आवाज येतोय. चावीवाला ते बघतो. ती थांबते. याने बघितलं हे तिलाही कळतं. ती दुसऱ्या हाताने पर्समधून नोटा काढते आणि पुढे करते, न मोजता. तो त्या घेतो.

झाली तुझी सुरुवात. सव्वा मिनिटात बसेल. खून नाही, पिस्तूल नाही, डिटेक्टिव्ह नाही, पण इथून पुढे हा माणूस सुटणार नाही हे प्रेक्षकाला पोटात कळतं. दुसऱ्या दिवशी कुलपावर ठसे सापडतात तेव्हा त्याला 'मला काही माहीत नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही, निदान स्वतःशी तरी. शिवाय काळोख आता सजावट म्हणून आलेला नाही. तो तिथे आहे कारण बटण सापडत नाहीये.

मला वाटतं, तुझ्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी हेच आहे. तुम्ही चौघांनी आधी काळोख ठरवला आणि मग त्यात ठेवायला काहीतरी शोधलं. उलट कर. काय लपवायचं ते आधी ठरव, तेवढीच सावली घाल.

आता कागदावर कसं उतरवायचं ते. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटची चित्रं, काढू नकोस. पांढऱ्यावर काढताना आपण माणसं आणि वस्तू काढतो आणि शेवटी कंटाळून मागची बाजू खरडून काळी करतो. काळा कार्डशीट घे आणि पांढरा खडू. आता तुला फक्त उजेड काढता येईल. जे काढलं नाहीस ते आपोआप अंधारात राहील. दाराचा शॉट काढताना तुला कळेल की खडूच्या तीनच रेघा पुरतात : दाराच्या फटीतून जमिनीवर पडलेली उजेडाची पाचर, तिच्या मनगटाची कड, आणि त्याच्या चष्म्यावरची एक चमक. चौथी रेघ काढायचा मोह झाला तर ती कशासाठी, हे मला पत्राने कळव. तिघांना एकेक शीट वाटून दे आणि तोच शॉट न बोलता काढायला लाव. तिघांचे उजेड तीन दिशांनी आले, तर भांडण शूटिंगच्या रात्रीऐवजी आदल्या आठवड्यात होईल.

चावीवाल्याचा उजेड त्याच्याकडेच असू दे, दातांत धरलेला छोटा टॉर्च. दोन्ही हात कुलपात गुंतलेत म्हणून टॉर्च तोंडात, आणि टॉर्च तोंडात म्हणून त्याला बोलता येत नाही. बाई बोलत राहते : किल्ली कुठे पडली असेल, शेजारी गावाला गेलेत, उशीर झाला. कुणी न विचारता दिलेली उत्तरं. तो नुसता हुंकार देतो. गप्प बसणारा माणूस तू पहिल्याच मिनिटात दाखवलास आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. टॉर्चचा झोत कुलपाच्या पितळेवर पडून उलटा त्याच्या चेहऱ्यावर येतो, खालून, मंद. तेवढा पुरतो. कॅमेऱ्यात पितळ पांढरं फक्क जळत असेल तर टॉर्चच्या काचेवर पातळ कागद लाव, नाहीतर काळ्या टेपने अर्धी काच झाक. (आठव्या टेकपर्यंत नटाची लाळ गळायला लागते. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतं. रुमाल जवळ ठेव.) कुलूप खरंच उघडता आलं नाही तरी बिघडत नाही. हातांचा क्लोज-अप घे आणि दाराच्या आत बसलेल्या मित्राला खुणेवर कडी फिरवायला सांग.

दोन एलईडी पॅनल आहेत म्हणतेस. एक बाहेरच्या बोळात, दारापासून होईल तितकं लांब आणि वर. जमिनीवरची पाचर आणि बाईची लांब सावली यातून येईल. पण इथे एक घोटाळा आहे. पॅनलमध्ये शेकडो बारीक दिवे असतात, प्रत्येक आपली सावली पाडतो आणि सगळ्या मिळून सावलीची कड पुसट होते. म्हणूनच पॅनलसमोर खिडकीच्या पट्ट्या धरल्या की भिंतीवर पट्ट्यांऐवजी राखाडी लापशी दिसते. धारदार सावली हवी तर उजेडाचा उगम लहान हवा : एकच चिप असलेला लाइट, उघडा बल्ब, किंवा वर्गातला प्रोजेक्टर. प्रोजेक्टर मिळाला तर सोडू नकोस. त्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरी पाचर काढलेली स्लाइड लावलीस, की उजेड कापायला पुठ्ठासुद्धा लागत नाही. आणि सावली पाडणारी वस्तू भिंतीच्या जितकी जवळ तितकी कड स्वच्छ, हेही लक्षात ठेव.

दुसरं पॅनल घरात, बाईच्या जवळ, अगदी फ्रेमच्या कडेला टेकेल इतकं, आणि मंद. जवळ का? उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. लाइट तिच्यापासून एक मीटरवर आणि मागची भिंत लाइटपासून चार मीटरवर असेल, तर भिंतीवर तिच्या सोळावा हिस्साच उजेड पोचतो. भिंत आपोआप काळी होते. तेच पॅनल चार मीटर मागे नेलंस तर ती आणि भिंत यांच्या उजेडातला फरक खूपच कमी होतो आणि तुला वाटतं, लाइट जास्त आहे. जास्त नसतो, लांब असतो. खोली लहान आणि भिंती पांढऱ्या असतील तर उजेड इकडून तिकडे उसळत राहतो आणि सावल्या धुऊन काढतो. चेहऱ्याच्या काळ्या बाजूला, फ्रेमबाहेर, एक काळी चादर टांग. दहा मिनिटांचं काम आहे, फरक तिथल्या तिथे दिसतो.

एक्स्पोजरबद्दल, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा याबद्दल, मी जरा हट्टी आहे, कारण हात पोळलेला आहे. विद्यार्थी असताना जिन्यावरचा एक प्रसंग आम्ही 'न्वार आहे ना' म्हणत जवळजवळ उजेडाशिवाय शूट केला आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, चढवत नेला. काळोख्या जिन्यात कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तो अप्रतिम दिसला, कारण अंधारात कुठलाही पडदा उजळच वाटतो. मोठ्या पडद्यावर लावला तेव्हा सावल्यांत मुंग्या चालत होत्या. अख्खा जिना वळवळत होता आणि नायिकेचा चेहरा त्यात कुठेतरी होता. परीक्षकांपैकी एकाने विचारलं, "पाऊस आहे का?" काळी फ्रेम म्हणजे कमी उजेडाची फ्रेम, हा गैरसमज त्या दिवशी गेला. काळ्या फ्रेममध्येही काहीतरी एक ठसठशीत उजळ लागतं. ती मनगटाची कड नीट एक्स्पोज झालेली हवी. मग तिच्या शेजारचं काळं खरोखर काळं दिसतं, आणि उरलेलं ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर चित्राचा उजेड आणि रंग जुळवताना, दाबता येतं. पडद्यावर भरवसा ठेवू नकोस, हिस्टोग्राम (फ्रेममध्ये काळं किती, पांढरं किती हे दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) बघ. आयएसओ वाढवायची वेळ आली तर लाइट जवळ आण.

शूटिंग रंगीत कर, पण कॅमेऱ्याचा पडदा ब्लॅक अँड व्हाइटवर ठेव. रंगीत फाइल हाताशी असली की नंतर कुठला रंग किती उजळ राखाडी व्हावा हे ठरवता येतं. कपड्यांची चाचणी मात्र आधीच घे. गडद लाल आणि बाटलीहिरवा हे रंग डोळ्यांना किती वेगळे दिसतात, आणि राखाडीत कधीकधी सख्खे भाऊ होतात. बाईच्या बाहीचा आणि भिंतीचा करडा एकच निघाला, तर तुझा सगळ्यात महत्त्वाचा हात भिंतीत विरघळेल. चाचणीला फोनचा कॅमेराही चालेल. आणि एलईडी चमकू नयेत म्हणून : वीज ५० हर्ट्झची असेल तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर, ६० हर्ट्झची असेल तिथे १/६०.

आता पाऊस. नको. या प्रसंगात त्याला कामच उरलेलं नाही. तरीही जीव अडकलाच असेल, तर एवढं सांगतो की पडणारा पाऊस कॅमेऱ्याला मागून उजेड असल्याशिवाय दिसत नाही, आणि रस्त्याएवढी जागा मागून उजळायला दोन पॅनल पुरणार नाहीत. पाऊस होऊन गेलाय, एवढं दाखवणं सोपं. बाईच्या खांद्यांवर फवारणीच्या बाटलीने पाणी मार, बोळातली फरशी ओली कर. ओली फरशी आरशासारखी उजेड परत देते, म्हणजे एका लाइटचे दोन झाले. फक्त ओल्या फरशीवर एकही वायर, प्लग किंवा जोडपट्टी नको. वायरी वरून ने आणि ओलं करायचं काम एकाच माणसाकडे ठेव, ज्याला वायरी कुठे आहेत हे माहीत आहे. यात मी थट्टा करत नाहीये.

निवेदन. 'या शहरात रात्र कधी संपत नाही' हे वाक्य कुणीही, कुठल्याही चित्रपटात, कशाबद्दलही म्हणू शकतो, हीच त्यातली खोट. निवेदनाला चित्राला ठाऊक नसलेलं काहीतरी ठाऊक हवं, आणि न्वारमध्ये ते बहुतेकदा उशिरा आलेलं शहाणपण असतं. चावीवाल्याला एकच वाक्य दे, दार उघडल्यानंतर : "कुलूप उघडायला मला दोन मिनिटं लागली. परत लावायला एक पुरलं असतं." यापेक्षा चांगलं तुला सुचेल. पण पहिला कट निवेदनाशिवाय लाव आणि गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखव. हात बघून त्याच्या तोंडून "अरे, हे घर तिचं नाहीये" निघालं, तर हे वाक्यही काढून टाक, माझा मान राखू नकोस. सॅक्सोफोनबद्दल एवढंच की चाळिशीच्या दशकातल्या न्वारमध्ये मुख्यतः वाद्यवृंदाचं संगीत असायचं. रात्र म्हटली की एकटा सॅक्सोफोन, हे समीकरण पुढे पक्कं झालं. तुझ्याकडे कुलपातली खटखट आणि भिंतीवरची नखं आहेत. ते आवाज रिकाम्या खोलीत, माइक जवळ ठेवून वेगळे रेकॉर्ड कर, आणि निघताना खोलीची नुसती शांतताही मिनिटभर घे. एडिटला बसशील तेव्हा ती लागतेच.

एका रात्रीत किती होतं? माझ्या अनुभवात, नवख्या चमूला लाइट हलवून नवा शॉट लावायला पाऊण तास जातो, मग तो पंधरा मिनिटांचा आहे असं कुणी कितीही शपथेवर सांगो. या प्रसंगाला सहा शॉट लागतील : कुलूप आणि हात, टॉर्चच्या उजेडातला चेहरा, बोळात उभी बाई, आतून दिसणारं उघडतं दार, भिंतीवरचा हात, आणि नोटा घेणारा हात. बोळातले तीन एका दमात घे, मग लाइट उचलून आत जा. गोष्टीच्या क्रमाने शूट करायला गेलीस तर पहाटे चार वाजता नोटांचा शॉट उरलेला असेल आणि नटाला पुढचे टेक नकोसे झाले असतील. भिंतीवरचा हात रात्रीच्या पहिल्या प्रहरात कर, सगळे ताजे असताना. उरलेली सात मिनिटं याच रात्रीत कोंबायची आहेत की काय, हे पत्रात नाही. असतील तर तो हट्ट सोड आणि दुसरी रात्र मागून घे.

शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव. मध्यरात्री कुणीतरी दाराचं कुलूप उघडतंय हे बघून फोन करणारा शेजारी चांगलाच असतो, पण तुमची रात्र जाईल.

या आठवड्यात एकच काम कर. ज्या घरात शूट करणार त्या घरी रात्री एकटी जा, टॉर्च आणि फोन घेऊन. दार कुठल्या बाजूला उघडतं बघ, बटण कुठे आहे बघ. ते नेमकं बिजागरीच्या बाजूला निघालं (अशी घरंही असतात), तर बाईचा हात दुसऱ्या भिंतीवर ने. चावीवाल्याला ते कसं कळलं, एवढं मात्र मग नव्याने शोधावं लागेल. बटण फ्रेममध्ये येत असेल तर त्यावर भिंतीच्या रंगाचा कागद चिकटव. मग दिवा बंद करून दार दहा वेळा उघड आणि पाचर जमिनीवर कुठवर येते तिथे टेपची खूण कर. बाईचं पाऊल त्या खुणेच्या एक वीत अलीकडे थांबायला हवं.